पूजेतले चार ठोकळे

अष्टमीच्या दुपारी पाठ टेकायची नाही असं मी दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी टेकते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी असते. शेडमधलं सगळं सामान अंगणात निघालेलं असतं, जॅक, पाने, साखळ्या, कड्या, आणि माझी धाकटी जाऊ शालन नळाखाली बसून एकेक घासत असते. तारेच्या ब्रशचा खर्र खर्र आवाज येतो. मी आतल्या खोलीत सतरंजीवर पडून तो ऐकते. उठून तिच्या हातातला ब्रश काढून घ्यावा, असं नऊ वर्षं मनात येतंय. पण माझ्याच्यानं उठवत नाही.

आमचा धंदा घाटात पडलेल्या गाड्या वर काढायचा. गगनबावड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून घर, घराला लागून शेड, आणि शेडमध्ये विंचची गाडी. विंच म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसवलेला लोखंडी रहाट, विहिरीच्या रहाटासारखाच, फक्त त्याला दोराऐवजी वायररोप आणि माणसाऐवजी इंजिन. दरीत गेलेला भरलेला ट्रकसुद्धा तो वर आणतो. मात्र खालचं वजन आपल्या गाडीलाही तितक्याच जोरानं खाली ओढत असतं. म्हणून चाकांच्या मागे ठोकळे लावायचे. आमचे चार आहेत, बाभळीचे, पाचरीसारखे तासलेले, खाली टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. आज शालन तेही घासणार, सगळ्यात शेवटी. घासताना ती माझ्याकडे बघत नाही. गेल्या वर्षी मात्र बघितलं होतं. म्हणाली होती, "आमच्या माणसामुळं तुमच्या घराला बट्टा लागला, आक्का." मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "असू दे गं."

डोळे मिटतात. ब्रशचा आवाज लांब जातो, मग पुन्हा जवळ येतो, आणि जवळ येतो तेव्हा तो ब्रशचा राहिलेला नसतो. अंगणात गाडी चालू आहे. डिझेलचा वास आतपर्यंत येतो.

दारात हिंदुराव भावजी उभे आहेत.

माझे धाकटे दीर, शालनचे यजमान. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं, कारण ते उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाहीत. एरवी सरळ चुलीपर्यंत येणारा माणूस. अंगात तोच चौकटीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत. मी पदर सावरून उठून बसते. भीती वाटत नाही. वाटते ती लाज, आणि ती इतकी की मी त्यांच्या पायांकडेच बघत राहते.

"झोपलासा, वैनी?" ते विचारतात.

"न्हाई. आडवी झालेली जरा."

"मग ठोकळं द्या तेवढं."

हेच ते बोलणं. सूरही तोच, चहाला साखर मागावी तसा.

नऊ वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या दुपारी त्यांनी हेच मागितलं होतं. घाटात एक कौलांचा ट्रक कठडा तोडून लोंबकळत होता. ड्रायव्हर वाचला होता, पण रस्ता बंद झालेला आणि दुसऱ्या दिवशी दसरा. आमचे मालक, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, गाडीचं सामान आणायला कोल्हापूरला गेलेले. शालन देवीची ओटी भरायला देवळात. घरात मी आणि वाती वळत बसलेल्या सासूबाई. सगळी हत्यारं पाटावर मांडून मी पूजा केली होती. भोवती रांगोळी, प्रत्येक पान्याला हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि पुढे ओळीनं चार ठोकळे. सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या की धाकटीनं मांडली असती तर नीट मांडली असती. ते मला लागलं होतं. सकाळपासून धुमसत होते.

पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. उद्या उचलायचं. आमच्याकडं सगळेच पाळतात, आणि तेवढंच मी भावजींना सांगितलं. ते म्हणाले, गाडीलाही हार घातलाय की, ती चाललीच आहे. बरोबर होतं त्यांचं. गाडीला सूट आणि ठोकळ्यांना नाही, असा कुठला देव म्हणेल? सासूबाईंनीही वातीवरनं मान वर केली आणि म्हणाल्या, "दे की गं इंदू." झालं. त्यांनी ते म्हटलं नसतं तर मी दिले असते. खरंच दिले असते. पण त्या म्हणाल्या, आणि माझा पीळ आणखी घट्ट झाला. मी म्हणाले, माझी पूजा मोडायची नाही. उगाच शास्त्र पुढे केलं. शास्त्र कसलं, नाकावरचा राग होता तो.

मी थोरली वहिनी. लग्न होऊन आले तेव्हा भावजी शाळेत होते, त्यांच्या डोक्याला तेल मी लावलेलं. त्यांनी वाद घातला नाही. "आसू दे. दगडं लावून बघतो," म्हणाले आणि गेले.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. ओल्या डांबरावर दगड धरत नाही, घसरतो. ओढ बसल्यावर मागच्या चाकाखालचा दगड सरकला, तो पुन्हा लावायला ते धावले, आणि गाडी मागे आली. कौलांच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं हे आम्हाला सांगितलं. दुसऱ्या कुणी बघितलं नाही.

हे सगळं मी आत्ता त्यांना सांगत नाही. ते दारात उभे आहेत आणि वाट बघतायत.

"आणते," म्हणते आणि उठते. पाय टाकते तर जमीन उतरती आहे. स्वयंपाकघर कधी सुरू झालं कळत नाही, पण मी तिथंच आहे. फरशीला घाटासारखा उतार लागलेला. पाण्याचा तांब्या आपोआप मागच्या दाराकडे घरंगळतो. ओट्याच्या जागी आमची विंचची गाडी उभी आहे, तोंड देव्हाऱ्याकडे, पाठ मागच्या दाराकडे. वायररोप दारातून बाहेर जातो आणि खाली धुक्यात नाहीसा होतो. मागच्या दाराबाहेर खरं तर केळी आहेत आमच्या. आता दरी आहे.

भावजी गाडीजवळ उकिडवे बसलेत. चाकावरून हात फिरवतात.

"इंजिन विंचला जोडलं की गाडी न्यूट्रलला, वैनी. गिअर काय धरत न्हाई. ऱ्हायला हँडब्रेक. त्यो भरल्या वजनाला कुठवर पुरणार? धरतो त्यो ठोकळा."

मला शिकवत नाहीत ते, स्वतःशीच बोलावं तसं बोलतात. त्यांची पद्धत मला पाठ होती. आधी वायररोप हळूच ताणायचा, एवढासाच. गाडी मागे येऊन ठोकळ्यांवर बसायची. मग विंच थांबवून ते खाली उतरायचे, चारही चाकांना फेरी मारायचे, प्रत्येक ठोकळ्याला लाथ मारून बघायचे, आणि मगच खरी ओढ द्यायची. लोकं हसायची. हिंदुराव ओढण्यापेक्षा फेऱ्याच जास्त मारतो म्हणायची.

मी ठोकळे शोधते. फडताळ उघडते, डब्यांमागे हात घालते. ते सापडू नयेत असंही मला वाटतंय, कारण सापडले तर त्यांच्यावर हळदकुंकू पुसल्याचे फराटे असतील. शेवटी हाताला लागेल ते घेते. जेवायचा पाट नेऊन देते. भावजी मुकाट्यानं तो चाकामागे लावतात. गाडी पाटावरून मागे येते, विताएवढी.

"घसरतंय, वैनी."

मी वरवंटा देते. तो गोल, त्याचं काय होणार? तरी ते लावतात. मग पाटा देते. मग माझी लग्नातली ट्रंक ओढत आणते, तीही देते. गाडी दर खेपेला विताएवढी मागे येते. ते एकदाही असं म्हणत नाहीत की हे काय देताय, जे मागतोय ते द्या. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं मला, आयुष्यभर तेच केलंय.

"खाली काय हाय एवढं जड?" मी विचारते.

"बघा की."

मी मागच्या दाराशी जाते. धुकं जरा हलतं. खाली, खूप खाली, नळाजवळ शालन बसली आहे. गुडघ्यापर्यंत पातळ खोचलेलं, हातात तारेचा ब्रश. वायररोपची कडी तिच्या कमरेला अडकवलेली आहे आणि तिला त्याचं काहीच नाही. ती घासते आहे. आवाज वरपर्यंत येतो.

"नऊ वर्षं तिथंच बसलीया," भावजी म्हणतात. "वर काढायची हाय. पण खाली धरायला काय तरी पायजे का नको?"

मी दाराशीच खाली बसते.

बाक थंड लागतो. आम्ही दोघं बाकावर बसलोय. वर पंखा फिरतोय, समोर टेबल, टेबलापलीकडे कुणी नाही. मी ही जागा ओळखते. पोलीस ठाण्यात जबाब द्यायला मला इथं बसवलं होतं. तेव्हा शेजारी आमचे मालक होते, आता भावजी आहेत, एस.टी.ची वाट बघावी तसे हात मांडीवर ठेवून. टेबलावर माझा जबाब आहे. ते कागद उचलतात आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचतात. वाचन त्यांचं सावकाशच होतं. मला कागद ओढून घ्यावासा वाटतो. हात उचलवत नाही.

त्या संध्याकाळी बातमी आली तेव्हा मी आधी रडले नाही. आधी शेडमध्ये गेले. पाटावरचे चारही ठोकळे उचलले, ज्यांना हात लावायचा नव्हता तेच, आणि पदरानं हळदकुंकू पुसून फळीवर ठेवून दिले, जॅकशेजारी. फुलं सारखी करून मोकळी जागा भरली. मग रडले. कुणी विचारलं, ठोकळे का नव्हते गाडीत, तेव्हा मी फळीकडे बोट दाखवलं. म्हणाले, इथंच राहिलेत, भावजी न्यायचे विसरले वाटतं. गडबडीत होते. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. एक मुलगा गेला होता, दुसऱ्याचं घर फोडायचं नव्हतं त्यांना. दोन वर्षांनी त्याही गेल्या, पण तोंड उघडलं नाही. शेवटच्या आजारपणात पाणी मात्र शालनच्याच हातून घेतलं. मी चमचा पुढे केला की तोंड फिरवायच्या. लोकांना वाटायचं, म्हातारीचं डोकं चालत नाही. त्यांचं चांगलं चालत होतं.

आणि एकदा बोललं की ते गावभर होतं. हिंदुराव हलगर्जी निघाला. एवढी वर्षं घाटात काढली आणि साधे ठोकळे विसरला. शालनच्या भावांनीही तेच धरलं. शालननंही धरलं. कुणाकडे काय राहिलं, कुणी पिशवी विसरली, की लोक तिच्यासमोरही म्हणून जातात, हिंदुरावागत करू नको. ती मान खाली घालते. मी तिथंच असते. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण गिळलेलं बाहेर यायला नऊ वर्षंही पुरत नाहीत.

भावजींचं बोट कागदावर एका जागी थांबलंय.

"हे काय लिवलंय?"

मी बघत नाही. मला माहीत आहे तो शब्द.

"विसरले," मी म्हणते.

ते विचार करतात. खरोखरच आठवून बघतात, कपाळाला आठ्या घालून, असं कधी झालंय का म्हणून. मग माझ्याकडे वळतात. रागानं नव्हे. घरातल्या थोरल्या माणसाला विचारावं तसं विचारतात.

"वैनी, मी कधी काय विसरलोय का?"

कधीच नाही. फाटकापर्यंत जाऊन परत यायचे, डिझेलचं झाकण बघायला. माझ्या कानाचं औषध मी न सांगता आणायचे, बाटली संपत आली की. शालनला माहेराहून आणायचा दिवस कधी चुकला नाही. ठोकळे तर त्यांनी स्वतः तासलेले, तिसऱ्याचा कोपरा उडाला तेव्हा दोन दिवस हळहळत होते. असा माणूस. मी त्यांना मेल्यावर विसराळू केलं.

"न्हाई," मी म्हणते. "तुम्ही न्हाई."

"मग शालनला तसं का वाटतंय?"

पंख्याचा आवाज बदलतो. इंजिन आहे ते. बाक ज्या फरशीवर होता तिथं डांबर आहे, ओलं, आणि आम्ही वळणावर आहोत. गाडी आमच्यासमोर उभी आहे. वायररोप ताठ झालाय. मागच्या चाकाखाली दगड आहे, साधा, रस्त्याकडेचा, आणि मला दिसतंय की तो सरकतोय. अगदी हळू. दळताना जातं सरकावं तसा.

भावजींनाही दिसतं. ते उठतात.

"जाऊ नका," मी म्हणते.

"दगूड सारखा करतो आन् आलोच."

मी त्यांचं मनगट धरते. जिवंत माणसाचं असतं तसं आहे, गरम, हाड लागतंय हाताला. मी दोन्ही हातांनी धरते. जन्मात दिराच्या हाताला हात लावला नव्हता, तो मोठा झाल्यापासून. आता सोडत नाही. ते ओढतात, मी धरते. गाडी विताएवढी मागे येते.

"सोडा, वैनी. गाडी यायलीया."

"न्हाई सोडत."

"सोडा म्हणतो न्हवं."

"आधी मला बोलू द्या," मी म्हणते. "तुम्ही विसरला न्हाईसा. तुम्ही मागितलं हुतं. मी दिलं न्हाईत. ठोकळं मी दिलं न्हाईत."

पुन्हा म्हणते. तिसऱ्यांदा म्हणते. गाडी जागेवर थांबली की नाही ते बघायचं धाडस होत नाही, मी त्यांच्या मनगटाकडेच बघते आहे.

"सोडा, आक्का."

मनगट बारीक झालंय.

"आक्का. दुखतंय. सोडा."

उजेड दारातून तिरका आत आलाय. सतरंजी माझ्या पायाखाली गोळा झाली आहे. शालन माझ्याजवळ गुडघ्यावर बसली आहे, हात कोपरापर्यंत ओले, आणि तिचं उजवं मनगट माझ्या दोन्ही हातांत आहे. मी सोडते. बोटं एकेक करून उघडावी लागतात, इतकी आवळलेली.

ती उठत नाही. बाहेर नळ चालूच आहे, त्याखाली बादली भरून वाहत असावी. मी तोंडावरून पदर फिरवते. म्हणायचं असतं तर अजूनही म्हणता येईल, स्वप्न पडलं गं काहीतरी, वेडंवाकडं. तेवढी जागा आहे. शालन तीसुद्धा मला देऊन बघते आहे असं वाटतं, कारण ती आधी माझ्या पायाखालची सतरंजी ओढून सारखी करते.

मग विचारते. "कोण विसरलं न्हवतं, आक्का?"

मी भिंतीकडे बघून सांगते. मग वाटतं, निदान हे तरी तिच्याकडे बघून सांगावं. म्हणून वळते आणि पहिल्यापासून सांगते. पूजा, रांगोळी, सासूबाई, माझा राग, फळीवर ठेवलेले ठोकळे, पदराला लागलेलं कुंकू. काही गाळत नाही. गाळावंसं वाटलं दोनदा. तरी नाही गाळलं.

तिच्या चेहऱ्यावर मला काही वाचता येत नाही. तिनं मारलं तर मारू दे, असं मी मनाशी म्हणते. ती मारत नाही.

"मागताना काय म्हणाले?" ती विचारते.

"वैनी, ठोकळं द्या तेवढं."

"आन् तुम्ही न्हाई म्हटल्यावर?"

"आसू दे म्हणाले."

शालन मान हलवते. बरोबर आहे, असंच म्हणाले असतील, अशी. ओठ हलतात तिचे, ती ते शब्द पुन्हा म्हणून बघते, आवाज न करता. मग तिचे डोळे भरतात.

"रोज सांजच्याला दिवा लावताना मी त्यांच्या फोटूला बोल लावतीया, आक्का," ती म्हणते. "नऊ वर्षं झाली. म्हणती, एवढं ध्यानात ऱ्हायलं न्हाई व्हय तुम्हाला माझ्यासाठनं."

मी हात जोडते. ते तिला दिसतं की नाही, कळत नाही, कारण ती खाली बघते आहे, मांडीवर पडलेल्या स्वतःच्या हाताकडे. मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठलेत, लाल, ठसठशीत, मोजता येतील असे. ती ते चोळत नाही, झाकतही नाही.